अर्धं आटवलेलं पाणी

(ऑक्टोबर २००३. निफाडजवळ मळ्यातलं स्वयंपाकघर. चुलीवर पितळी पातेलं रटरटतंय.)

योगिनी : आई, ते पातेलं आता उतरव.

चंद्रभागा : थांब गं. अजून अर्धं कुठं झालंय? उद्या सोमाची पोरगी यायची दवाखान्यातून. सविताच्या अंगावर दूध नाय, वरचं पाजायचं, तर पाणी तयार नको का?

योगिनी : म्हणूनच म्हणते, उतरव.

चंद्रभागा : समुद्राकाठी नोकरी करून सगळंच इसरली का? तान्ह्या लेकराचं पाणी अर्धं आटवायचं असतं. दोन तांब्यांचा एक तांब्या. सोमाला असंच पाजलं, तुला असंच पाजलं. झाली ना घोड्याएवढी?

योगिनी : झाले.

चंद्रभागा : मग? नाशिकहून आली तशी तोंड पाडून बसली हे. डॉक्टर काय म्हटला ते मला कोणी धड सांगंना. माझी नात बरी हे ना?

योगिनी : बरी आहे. अगदी खरं सांगते, बरी आहे. इंजेक्शन दिलं आणि थोड्या वेळानं ओठ गुलाबी व्हायला लागले. वहिनी मला तिची नखं दाखवत होती, ताई बघा, ताई बघा, म्हणून.

चंद्रभागा : देवा, पावलास रे बाबा. जांभूळ खाल्ल्यासारखे ओठ झाले होते गं. मला वाटलं, काळजाला भोक हे. मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या, पण मिरचीचा ठसकाबी लागला नाय. म्हटलं, दृष्ट लय मोठी हे.

योगिनी : काळीज चांगलं आहे तिचं. पण रक्त काढलं तर चॉकलेटी निघालं. ते बघून डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं, बाळाला कुठलं पाणी पाजता?

चंद्रभागा : मग सांगायचं ना ताठ मानेनं! आपल्या विहिरीचं. अख्ख्या शिवारात असं गोड पाणी नाय. तेबी आटवून, गाळून, झाकून ठेवलेलं.

योगिनी : सांगितलं.

चंद्रभागा : मग काय म्हटला?

योगिनी : आई, बस ना इथं जरा.

चंद्रभागा : मला बसवू नको. कोणी 'बस' म्हटलं की पुढं वाईटच ऐकावं लागतं. उभ्यानं सांग.

योगिनी : विहिरीत खत उतरलंय. द्राक्षबागेला घालतो ते. वेल घेते तेवढं घेते, उरलेलं पाण्याबरोबर खाली जातं आणि झऱ्यातून विहिरीत येतं. आपण मोठी माणसं ते पाणी पितो, आपल्याला कळतही नाही. एवढ्याशा जिवाला सोसत नाही. ती श्वास घेते, पण रक्त तो अंगात पोचवत नाही. म्हणून निळी पडली.

चंद्रभागा : असंल बाई. काय काय असंल पाण्यात. म्हणून तर मी आटवते ना! जंतू-बिंतू असतील ते मरू देत.

योगिनी : जंतू मरतात. खत नाही मरत.

चंद्रभागा : मग ते कुठं जातं?

योगिनी : कुठंच जात नाही. कालवणात मीठ जास्त पडलं आणि ते चुलीवर तसंच आटत ठेवलं, तर काय होतं?

चंद्रभागा : काय व्हायचं? अजून खारट होतं.

योगिनी : पाण्याचंही तसंच.

चंद्रभागा : योगे.

योगिनी : हं.

चंद्रभागा : दोन तांब्यांचा एक तांब्या.

योगिनी : आई, तू मुद्दाम थोडीच...

चंद्रभागा : दोन तांब्यांतलं सगळं मी एका तांब्यात आणलं. आणि तिला पाजलं. ओठ सुकले तर त्याच पाण्यात कापूस बुडवून पुसले.

योगिनी : जीव लावून केलंस तू.

चंद्रभागा : जीव लावूनच केलं गं, तेच तर! हयगय केली असती, चार उकळ्या कमी दिल्या असत्या, तर बरी राहिली असती का ती?

योगिनी : थोडी बरी राहिली असती.

चंद्रभागा : खरं बोललीस ते बरं केलंस. नाय तर मला वाटलं असतं, म्हातारीची समजूत काढू राह्यली.

सोमनाथ : (बागेतून आत येत) कोणाची समजूत? काय झालं? दवाखान्यातून फोन आला का? मोबाईलला रेंजच नाय बागेत.

योगिनी : फोन नाही दादा. आईला पाण्याचं सांगितलं.

सोमनाथ : तुला म्हटलं होतं ना, आत्ता नको? पोरगी घरी येऊ दे, मग बघू. त्या डॉक्टरचंच काय घेऊन बसली. शहरातल्या माणसाला विहीर दिसली की आजार दिसतो. आप्पांनी स्वतः खणलेली विहीर हे ती. बहात्तरच्या दुष्काळात आटली नाय, सगळं गाव पाण्याला आपल्या दारात होतं.

योगिनी : आप्पांच्या वेळी तिथं बाजरी होती दादा. बाग नव्हती.

सोमनाथ : म्हणजे आता बागेवर आली का? मी काय एकटाच खत टाकतो? सगळे टाकतात. नाय टाकलं तर मणी फुगत नाय, मणी फुगला नाय तर एक्स्पोर्टवाला पेटीला हात लावत नाय.

योगिनी : तुझी द्राक्षं बाहेरदेशी जातात त्याआधी तपासतात ना?

सोमनाथ : तपासतात म्हणजे काय! बागेतून सॅम्पल जातं लॅबला. औषधाचा अंश जरा वर निघाला तर माल जाग्यावर थांबतो. तिकडची पोरंबाळं खाणार, ते लोक ऐकून घेत नाय.

योगिनी : आणि विहिरीचं सॅम्पल?

सोमनाथ : विहिरीचं कोण नेतं? पाणी कुठं विकायचंय? ते तर आपणच...

चंद्रभागा : बोल ना. आपणच काय?

सोमनाथ : आपणच पितो.

चंद्रभागा : हं.

सोमनाथ : मला एकट्याला नका धरू. ही योगिनी तिकडं आंध्रात काय करते? आपली नाशिकची गंगा समुद्राला मिळते तिथं होडीत बसून पाण्याच्या बाटल्या भरते. हेच खत मोजायला सरकार पगार देतं तिला. दर दिवाळीला इथं येते. एक बाटली भरली का कधी आपल्या विहिरीवर?

योगिनी : नाही भरली.

सोमनाथ : का नाय भरली?

योगिनी : आल्या आल्या आई तांब्या हातात द्यायची. गोड लागायचं. मनातच आलं नाही दादा. घरचं पाणी कोण मोजतं?

सोमनाथ : तेच म्हणतो मी.

योगिनी : तिकडं खाडीत हिरवा तवंग धरतो. खत खाऊन शेवाळ माजतं, मग मरतं, तळाला जाऊन कुजतं. कुजताना पाण्यातली हवा खाऊन टाकतं. काही दिवस असे येतात की मासे वर येऊन नुसती तोंडं उघडतात. पाण्यातच असतात आणि गुदमरतात. कोळी मला विचारतात, मॅडम, हे कुठून येतं? मी नदीच्या वरच्या अंगाला हात करते. म्हणते, वरून.

चंद्रभागा : मासे तोंड उघडतात?

योगिनी : हो.

चंद्रभागा : ती तशीच करत होती. माझ्या मांडीवर. दार-खिडकी सगळं उघडं होतं, वारा येत होता, आणि ती तोंड उघडत होती.

सोमनाथ : आई, नको ना आता.

चंद्रभागा : का नको? मी पाहिलंय ते. तू बागेत होतास.

सोमनाथ : माझी चार एकर बाग. तिचं खत समुद्रापोत जातं, हे मला पटत नाय. मधी किती शेतं, किती गावांची गटारं, किती कारखाने.

योगिनी : सगळ्यांचं मिळून जातं. समुद्राचा हिशोब तुझ्या एकट्याच्या डोक्यावर नाही टाकत मी. पण विहीर तुझ्या एकट्याची आहे.

सोमनाथ : मग काय करू? बुजवू? आप्पांची विहीर बुजवू?

योगिनी : बुजवायची कशाला? उद्यापासून बाळाला जारचं पाणी. डॉक्टरांनी वहिनीलाही सांगितलंय, अंगावर लावत राहा, दूध येईल. आणि तू ते उद्याचं खत...

सोमनाथ : छाटणी झालीय. फूट निघू राह्यली. ड्रिपच्या टाकीजवळ गोणी फोडून ठेवलीय मी. सोप्पं नाय ते, योगिनी. एक हंगाम चुकला तर लोक म्हणतील, बहिणीचं ऐकून बाग घालवली.

चंद्रभागा : सोमा, विहिरीजवळच्या कोपऱ्यातल्या ओळी मागल्या साली काय झाल्या होत्या?

सोमनाथ : माजल्या होत्या. नुसता पाला. घड नाय धरला.

चंद्रभागा : तवा तूच म्हटला ना, खाणं जास्त झालं त्यांचं?

सोमनाथ : म्हटलो होतो.

चंद्रभागा : जास्त खाऊ घातलेली ओळ तुला लगेच दिसली. मला माझ्या मांडीवरची पोरगी दिसली नाय. म्हणून म्हणते, तू शहाणा हे. अजून थोडा हो.

योगिनी : पाण्यातच खत आहे दादा. तेच पाणी दिलंस की अर्धं खाणं तसंही पोचतं वेलीला. पाणी तपासून घेऊ, मग ठरव किती घालायचं.

सोमनाथ : आणि तपासून येईपर्यंत?

योगिनी : तोपर्यंत गोणी बांधून ठेव.

सोमनाथ : फुटव्याला कमी पडलं तर?

चंद्रभागा : तर पडू दे. कमी पडलं तर पुढं घालता येतं. जास्त झालेलं काढायला नाशिकला पळावं लागतं.

सोमनाथ : सविताला सांगितलं का? आई आटवत होती, ते?

योगिनी : नाही. पाण्याचं कळलंय तिला. आटवण्याचं मी नाही बोलले. बोलायचं तरी कशाला?

चंद्रभागा : मी सांगीन.

सोमनाथ : आई, ती काय म्हणंल, काय नाय...

चंद्रभागा : काय म्हणायचं ते म्हणंल. लेकरू तिचं हे. पाजू नका म्हटली, तर नाय पाजणार. सव्वा महिन्याला तिनं त्या विहिरीला हळद-कुंकू वाहिलं, ओटी भरली. ती मी सांगितलं म्हणून. आता हेबी माझ्याच तोंडून ऐकू दे.

योगिनी : मी असेन बरोबर.

चंद्रभागा : आस. पण मधी बोलू नको.

सोमनाथ : हे पातेलं ओतून टाकतो मी मोरीत.

चंद्रभागा : मोरीत नको. मोरीतून वगळीच्या ओढ्याला, वगळीतून पुन्हा गंगेलाच ना? हिच्या त्या माशांच्या तोंडात. थंड झालं की बागेत ने. तिचंच खाणं हे, तिला दे.

सोमनाथ : बरं.

चंद्रभागा : आणि सोमा...

सोमनाथ : आं?

चंद्रभागा : आता तिला वरून काही वाढू नको. पोट भरलंय तिचं.