हाताला न कळलेली गाठ

आजच्या सभेचे अध्यक्ष श्रीरंगराव, मंडळाच्या कार्यवाह सुरेखाताई, सत्कारमूर्ती डॉक्टर अरुंधतीबाई, आणि एश्बॉर्नच्या या सभागृहात कोट काढावा की अंगावरच ठेवावा अशा विचारात बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

बाईंनी एकतीस वर्षं इथे जर्मनीत जनावरांचा दवाखाना चालवला. परवा त्याला कुलूप लागलं. त्यांच्या विद्येवर मी काय बोलणार? मी दीनानाथ, पुण्याचा निवृत्त ड्राफ्ट्समन. मुलाकडे, सत्यजितकडे, राहतो. सकाळी सगळे एस-बानची लोकल धरून गेले की घरात मी आणि आमचा कुत्रा, दोघंच. रंगावरून त्याचं नाव पारवा. खिडकीतल्या उन्हात बसून मी त्याला शाळेतल्या कविता चालीवर म्हणून दाखवतो. कडवं चुकलं तरी तो उठून जात नाही. असा श्रोता, अध्यक्षमहाराज, आपल्या मंडळातही दुर्मीळ!

चार वर्षांपूर्वी त्याच्या बरगडीवर एक गाठ आली. मऊ, बोटाखाली सरकणारी. बाईंनी सुईने चार पेशी काढल्या, काचेवर पाहिल्या आणि म्हणाल्या, "चरबीची आहे. राहू द्या." झालं! मला वाटलं, गाठ ओळखायची विद्या आपल्या बोटांत उतरली.

पुढच्या वर्षी मांडीवर दुसरी आली. तशीच मऊ. मी कोणाला बोललो नाही. सूनबाई ऊर्मिलाने पुण्याहून आणलेली आंबेहळद होती. ती उगाळून रोज लेप लावला, वर हलक्या हाताने चोळलं. आई आमची ढोपरं अशीच चोळायची. चोळता चोळता मी कुठल्या कुठे जायचो. पाटीवरची ओली अक्षरं दिसायची, गुरुजींचा संथ सूर ऐकू यायचा. गाठ कधी फुगायची, कधी बसायची. बसली की मी म्हणायचो, पाहा, उतार पडतोय! असे सात आठवडे गेले.

नात अन्वीने एकदा पिवळी मांडी पाहिली. तिला मराठी समजते, पण उत्तर जर्मनमध्ये. त्या दिवशी मात्र मराठीत म्हणाली, "आजोबा, हे तुम्ही बाबाला सांगितलं का?" मी लेपाची वाटी मागे सरकवली. तिनेच सत्यजितला फोन लावला.

बाईंनी पुन्हा सुई घातली. काच सूक्ष्मदर्शकाखाली दोनदा सरकवून पाहिली. मग म्हणाल्या, "आल्झो, हे पाहा दीनानाथराव, ही चरबी नाही. मास्ट सेल ट्यूमर आहे. कातडीचा कर्करोग. कुत्र्यांत पुष्कळ दिसतो आणि वाटेल त्या गाठीचं सोंग घेतो."

"पण ती उतरत होती हो!"

"चोळलं की आतली द्रव्यं सुटतात, सूज चढते, मग ओसरते. तो उतार नव्हे."

"मग मी सात आठवडे..."

"चोळत होतात. आता थांबा. आणि रडायचं असेल तर बाहेर. टेबलावर तो घाबरतो."

हसू नका, मंडळी. मी खरंच बाहेर गेलो.

भोवतीची दोन बोटं निरोगी कातडी घेऊन बाईंनी ती गाठ काढली. अहवालाला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत मला एकही कविता पुरी आठवली नाही. दहाव्या दिवशी फोन आला: कापलेल्या कडा स्वच्छ, कर्करोगाची जात सौम्य. बाई मला एका शब्दाने रागावल्या नाहीत. त्यांनी कुत्र्याचं चित्र छापलेला कागद हातात दिला. "दर रविवारी सगळं अंग चाचपायचं. सापडेल ते इथे खुणेने मांडायचं, तारीख घालायची. ओळखायचं नाही. क्लार? कळलं?"

त्याला तीन वर्षं झाली. पारवा अकरा वर्षांचा आहे. आणि आता जे सांगतो, ते घरच्यांना सकाळीच सांगून झालं आहे. आज रविवार. आज त्याच्या डाव्या खांद्याखाली वाटाण्याएवढं काही लागलं. मऊ आहे की कठीण, ते मी मनाशीसुद्धा ठरवलेलं नाही.

बाई, बसा, उठू नका! आज तुमचा सत्कार आहे. उद्या साडेनऊची वेळ घेतली आहे, तुम्हीच सुचवलेल्या नव्या डॉक्टरांकडे. सुई घालताना पारव्याचं डोकं मी धरणार आहे, आणि यावेळी बाहेर जाणार नाही.

म्हाताऱ्याचं बोलणं लांबलं, मध्येच भरकटलं. कुणाचं नाव राहिलं असेल, मान कमीजास्त झाला असेल, तर पोटात घाला. बाई, तुमचे आभार मानायला शब्द शोधत बसलो तर सुरेखाताई घंटी वाजवतील. नमस्कार तेवढा घ्या.