उशाशी ठेवलेली फळं

डॉक्टरांकडे नंबर लावून बसलेल्या शिंप्याच्या शेजारी दोघी बहिणी बोलत होत्या. त्यांच्या आईला नुकतंच स्ट्रेचरवरून आत नेलं होतं.

"ताई, माझं नवं अत्तर आईला दिलंस?"

"दिलं. कसलं म्हणालीस ते?"

"क्विन्सचं. ती पिवळी, पेरूसारखी फळं नाही का? मी यायचे तेव्हा आईची खोली त्यांनी घमघमायची. तोच वास बाटलीत उतरवताना नाकी नऊ आले. सगळ्यांना सांगते, हा माझ्या आईचा वास आहे."

"आईचा नव्हे, बाई. आईचं सगळं अंथरुणातच होतं. तू येणार म्हटलं की चादरी बदलून मी ती फळं उशाशी ठेवायचे. तुला मळमळू नये म्हणून."

"कधी बोलली नाहीस."

"चार दिवसांच्या पाहुणीला काय बोलायचं?"

शिंप्याचा नंबर पुकारला गेला.

"तुम्ही जा पुढे," तो पलीकडच्या माणसाला म्हणाला.

"मग आईला आवडलं का?"

"मनगटाला लावलं तिच्या. हुंगलं, आणि केस सारखे करत म्हणाली, 'आज धाकटी येणार का गं?' मी नाही म्हटलं. तर म्हणाली, 'मग पुसून टाक.'"