पाळण्यातला फुलोरा

"हॅलो?… हॅलो, मेरेआनाताई?… अगं मोठ्यानं बोल, इथं वारा काही ऐकू देत नाही… हो, हो, पॉलिहाऊसच्या दारातच उभी आहे… नाही, आत नाही जाणार. आज तामातेआची तिथी. विसरलीस? ब्रिस्बेनला काय निराळा चंद्र उगवतो?"

हुरियानं फोन या कानावरून त्या कानाला नेला. तामातेआच्या तिथ्यांना चंद्र रुसतो, दर्या पाठ फिरवतो. तेव्हा या किनाऱ्यावरचे म्हातारे होडी लोटत नाहीत, रताळ्यांच्या वाफ्यात पाऊल टाकत नाहीत. पण आज हुरियाचे पाय जागेवर ठरत नव्हते. वाऱ्याला झोंबणाऱ्या टोईटोई गवताच्या तुऱ्यासारखी ती दारातल्या दारात डोलत होती.

"आला. निकाल आला… सांगते ना! अगं ऐक तरी… नाही, एका शब्दात नाही सांगणार. बहिणीला एवढं छळायचा हक्क आहे मला… काहूचं तिकीट? संध्याकाळपर्यंत मुदत आहे ना? मग झालं तर. चहा ओत नि खाली बस."

तिकीट काहूचं, मेरेआनाच्या लेकीचं. तान्ह्या बाळाला आईपाशी ठेवून ती ब्रिस्बेनला शीतगृहात मांस बांधायचं काम करत होती. गावच्या पॉलिहाऊसचं औषधी भांगेचं पहिलं पीक तपासणीत उतरलं, तर तिला इथं कायमचं काम मिळणार होतं. नाही उतरलं, तर दाराला कुलूप, आणि गावातली उरलीसुरली पोरंही ऑस्ट्रेलियाच्या वाटेला.

"बसलीस?… तर तुला एक सांगितलं नव्हतं. मधे पीक हातचं जाणार होतं… मुद्दाम नाही सांगितलं! तू काय, समुद्रापलीकडून रडली असतीस… ऐक ना. फुलोरा नुकता धरलेला. रोज सकाळी मी खत कालवायची. फुलं आली की नत्र कमी करायचं, स्फुरद नि पोटॅश वाढवायचं, आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम तर विसरायचंच नाही, ते कोकोपीट स्वतःच कॅल्शियम गिळून बसतं… कोकोपीट गं! नारळाच्या काथ्याचा भुसा… हो, तोच, ज्याला तू पायपुसण्याचं पोट म्हणाली होतीस."

ती हसली, आणि लगेच आवाज खाली आणला. चिंचोळ्या वाटेपलीकडं, रताळ्यांच्या शेताच्या बांधावर, पाओरामामा बसले होते. टोपी डोळ्यांवर, पण कान इकडंच.

"मग मी गेले हुइच्या मेळाव्याच्या तयारीला, खेकडे आणायला. मागं तामातेआ लागली. मामांनी केलं काय, खताची टाकी बंद, पावसाच्या पाण्याची चालू… हो, आपल्या मामांनीच! म्हणाले, या तिथ्यांना बागेला जेवू घालणं म्हणजे बागेत काम करणंच झालं. पाऊस आपला पडतो, तो चालतो. चार दिवस नुसतं पाणी पिऊन काय मरतात का, जमीन आहे सांभाळायला… हो ना! रताळ्यांना सांभाळते. पण इथं जमीन आहे कुठं, ताई?… अगं, उलट! होतं नव्हतं ते खत त्या पाण्यानं धुऊन नेलं. परत आले तर पहिली ओळ पिवळी. पानांवर गंजाचे ठिपके. कळ्या अशा मान टाकून, ताप आलेल्या लेकरासारख्या."

"नाही, मी नाही ओरडले. कसं ओरडणार? त्यांच्या बोटाला धरून वाफे मोजायला शिकलो आपण… रडले. टाकीमागं जाऊन रडले. मग काय, एक मूठ कोकोपीट धुतलं नि मामांपुढं धरलं. म्हटलं, मामा, चाखा."

"हो, चाखलं त्यांनी! नवं शेत घेताना माती जिभेवर ठेवतात ना, तस्संच. डोळे मिटून. मी म्हटलं, काय चव आहे? जीभ टाळूला लावून बघितली. मग म्हणाले… थांब, त्यांच्याच आवाजात सांगते… 'पोरी, ही आई नव्हे गं. हा नुसता पाळणा आहे.'"

पलीकडं मेरेआना काहीतरी बोलली असावी, कारण हुरिया मान हलवत राहिली. फोनवर मान दिसत नाही, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

"तेच ना! आणि पुढं काय म्हणाले माहितीय? 'पाळण्यातल्या लेकराला उपाशी ठेव, असं कुठली तिथी सांगते?' स्वतःच स्वतःला रागवत होते. मग मीही रडायची थांबले… छे, तिथी मोडली नाही! मोडू देतील का ते? आता कसं करतो बघ. तामातेआच्या आदल्या दिवशी टाकी भरून कालवायची. मामा टाकीवर हात ठेवून कराकियाची प्रार्थना म्हणतात. मग ठिबकाला घड्याळ लावायचं नि दार ओढून घ्यायचं. दर वेळच्या पाण्यात खत, खालून थोडं निथळेपर्यंत, म्हणजे क्षार साचत नाहीत. माणसाचा हात म्हणून लागत नाही. मामा म्हणतात, घड्याळाला ना गोत्र ना तिथी, राबू दे त्याला!… हसतेस काय? पुढच्या खेपेला घड्याळालाही जेवायला बोलावणार आहेत."

"पिवळी पानं? ती गेली ती गेलीच. एकदा पिवळं पडलेलं पान काय हिरवं होतं का?… पण कळ्या सावरल्या गं. मी दारातूनच म्हणायची,

पी गं बाई पी, घोट घोट पी,
मातीविना वाढविते मावशी मी…

हो, वेडीच आहे. वेड्या बाईचीच बाग फुलली बघ. पांढरे केसर आले, त्यावर दवासारखे चिकट थेंब. वास असा की वाटेनं जाणारे दारापाशी थांबायचे… तपासणीचीच तर काळजी होती! माल घेणाऱ्या कंपनीच्या बाईनं नमुना नेमका पहिल्या ओळीचा उचलला. तीच ओळ, उपाशी राहिलेली! मी म्हटलं, बाई, दुसरी घ्या, तिसरी घ्या. तिनं माझ्याकडं असं बघितलं… मग तर तीच घेतली. माझंच तोंड वाईट."

ती थांबली. वाऱ्यानं केस तोंडावर आणले, ते तिनं काढले नाहीत.

"ताई… उतरली. पहिली ओळ उतरली! बुरशी नाही, औषधाचा अंश हवा तेवढा, सगळं लख्ख! पुढचं पीक, त्याच्या पुढचं पीक, सगळं त्यांनी आपल्याकडंच मागितलंय. दुखण्याच्या तेलावर आपल्या गावाचं नाव येणार… अगं किंचाळू नकोस, बाळ उठेल!… उठलं ना? बघ. उठू दे. त्यालाही सांग… हो, काहूला काम पक्कं. सोमवारी आली तर सोमवारी. ठिबकाचं सगळं तिच्या हाती देणार आहे मी… हो, लेखी देतील. मामांनी तर तोंडी देऊनही टाकलंय."

"मग कर तिकीट पक्कं. काहूचं नि बाळाचं… काय?… तीन? तिसरं कोणाचं?"

हुरियानं फोन कानाशी घट्ट दाबला. गेल्या हिवाळ्यात, त्याच्या मागच्या हिवाळ्यात, मेरेआनानं एकच पालुपद लावलं होतं, की पोरीला पाठवीन, पण माझी हाडं आता ब्रिस्बेनलाच राहतील.

"…पुन्हा सांग. नाही, ऐकू आलं. तरी सांग… हो… हो गं. तुझी खोली तशीच आहे. तशीच म्हणजे, जाळी आणि दोऱ्या भरल्यात, पण काढीन मी, आजच काढीन… रडत नाहीये. वारा आहे. सांगितलं ना, वारा आहे इथं!"

तिनं फोन छातीशी धरला आणि वाटेपलीकडं हाक घातली, "मामा! ताई येतेय! राहायला!"

बांधावरची टोपी वर झाली. म्हाताऱ्यानं काहीतरी ओरडून सांगितलं, मग तोंड शेताकडं वळवलं आणि बाहीनं पुसलं.

"ऐकलंस? नाही?… म्हणतात, रताळी काढायच्या आत ये म्हणावं. नुसती खायला आलीस तर दारातच उभी करीन… हो, सांगते त्यांना… ठेव आता. तिकिटाची मुदत जाईल, ठेव… तूच ठेव ना… बरं बाई, मीच ठेवते."