पंख्यानं उलटलेलं पान

माझं माहेर चाकणच्या पलीकडं, भामा नदीच्या अंगाला. आता तिथं जिकडं तिकडं कंपन्यांचे पत्रे दिसतात, पण मी ल्हान व्हते तवा नुसती ज्वारी आणि बाजरी, आणि ती बी आमची न्हाई, लोकांची. आई-बाप दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायचे आणि मला मातूर शाळेत घालायचे, म्हणायचे एक वेळ उपाशी राहू पण पोरीचं दप्तर सुटायला नको. दहावी पास झाले, पुढं लग्न होऊन दापोडीला आले, आणि गंमत बघा, आता चाकणलाच कामाला जाते, रोज कंपनीच्या बसनं. म्हणजे जिथनं निघाले तिथंच रोज परत. गाड्यांच्या वायरिंगची कंपनी हाय, बोर्डावर वायरी अंथरायच्या, टेप मारायची, उभं राहून राहून पाय भरून येतात, पण आमच्या लाईनीला बायका चांगल्या हायेत, हसत-खेळत दिवस जातो. भाषा माझी अजून गावाकडचीच, मैत्री हसते मला. मैत्री म्हणजे माझी पोरगी. तिचंच सांगायचंय ताई तुम्हाला, तिचं आणि तिच्या बाईंचं.

पण त्याच्या आधी आबांचं सांगितलं पाहिजे, न्हाईतर तुम्हाला कळायचं न्हाई. आबा म्हणजे माझे सासरे. पिंपरीला कंपनीत फिटर व्हते, आता रिटायर. त्यांच्या वडलांना अक्षरओळख न्हवती, आबांनी रात्रशाळा करून शिकून घेतलं, आणि वाचनाचं असं वेड की घरात पुडीला आलेला कागद बी वाचल्याबिगर टाकायचे न्हाईत. आमच्यात पावसाळ्यात वर्षावास असतो, तीन महिने रोज संध्याकाळी विहारात धम्माचा ग्रंथ वाचतात. आबा सगळ्यात जुने, म्हणून कुणी कुठलं पान वाचायचं ते आबाच ठरवणार, आदल्या दिवशी सांगणार. प्रत्येक घराची पाळी येते, बायांची येते, पोरांची बी येते. पोरगं नीट वाचून उठलं की सगळे साधू साधू साधू म्हणतात आणि त्या आई-बापाची छाती फुगते. आबा वाचन ऐकताना डोळे मिटून बसतात, म्हणतात कानानं ऐकायचं असेल तर डोळ्याला सुट्टी द्यावी लागते.

तर मैत्री तिसरीत व्हती तवा पहिल्यांदा वाचायला बसली. काय सांगू तुम्हाला, आवाज असा खणखणीत, जिथं थांबायचं तिथं थांबायची, जिथं आबा जोर देतात तिथंच जोर. म्हातारी माणसं रडली. आबा तर आठवडाभर हवेत व्हते, जो भेटेल त्याला सांगायचे, नात माझ्यावर गेलीय. मंग दर वर्षी तिची पाळी ठरलेली.

आणि शाळेत बघावं तर काय, मराठीत काठावर, गणितात शब्दांची उदाहरणं आली की कोरी. फळ्यावरचं उतरवून घ्यायला सांगितलं तर निम्मं बी व्हायचं न्हाई, जे व्हायचं त्यात काना एकीकडं, वेलांटी दुसरीकडं. शाळेतनं बोलावणं आलं की मी रजा टाकून जायचे, ते म्हणायचे पोरगी बोलायला चुणचुणीत हाय पण कामचुकार हाय. डोळे तपासून आणले, डोळे चांगले. शिकवणी लावली, शिकवणीवाला म्हणाला, ताई ही नाटकं करते. आणि आमाला बी तेच खरं वाटायचं, कारण वाचता येत न्हाई असं कसं म्हणायचं, सगळ्या दापोडीनं तिला वाचताना ऐकलंय की. आबा म्हणायचे, विहारात जमतं ते शाळेत कसं जमत न्हाई, मनात असलं की जमतं. सगळा घोळ तिथंच व्हता बघा. ज्याच्यामुळं आमी तिला हुशार म्हणायचो त्याच्यामुळंच तिला आळशी म्हणायचो.

सातवीला तिला गायकवाड बाई आल्या मराठीला. महापालिकेची शाळा, एका वर्गात पोरं दाटीवाटीनं बसलेली, त्यात कोण कुणाकडं बघणार, पण या बाई बघायच्या. सांगवीला राहतात, स्कूटीवर येतात, अंगानं काडी, आवाज चढवायचा म्हणून न्हाई. त्या पावसाळ्यात मैत्रीनं त्यांना विहारात वाचनाला बोलावलं. आबांनी पाहुण्या म्हणून पुढं बसवलं, पार चौरंगाजवळ, जिथं ग्रंथ ठेवतात तिथं. मैत्रीनं वाचायला घेतलं. आबांचे डोळे मिटलेले, आमी सगळे माना खाली घालून ऐकतोय, आणि वरनं पंखा फुल्ल. मधेच पान उलटलं. पंख्यानंच उलटलं, आणि पोरगी वाचत राहिली. अडली न्हाई, पान परत केलं न्हाई, तिला कळलंच न्हाई. हे मी बघितलं न्हाई बरं का, कुणीच न्हाई बघितलं, एकट्या बाईंनी बघितलं, मला त्यांनी मागाहून सांगितलं. आणि त्यांचा मोठेपणा बघा, त्यांनी गुपचूप हात पुढं करून ते पान होतं तसं करून ठेवलं आणि साधू म्हणताना सगळ्यात मोठ्यानं म्हणाल्या. तिथं एक शब्द काढला असता तर पोरगी मेली असती लाजेनं. जाताना मला म्हणाल्या, मैत्रीच्या आई, रविवारी चहाला आले तर चालेल का.

रविवारी आल्या. चहा झाला, मंग आबांना म्हणाल्या, आबा तुमचा आवाज फार छान आहे, मला काहीतरी वाचून दाखवा, जे या घरात कुणी ऐकलेलं नाही असं. आबा खूश. त्यांनी पेपरातलं कायतरी वाचलं, कुठल्यातरी धरणाबद्दल व्हतं. बाई मैत्रीला म्हणाल्या, तू सांग आता काय होतं. पोरीनं सगळं सांगितलं, आबा जिथं ठसकले व्हते ते सुद्धा. मंग बाईंनी पिशवीतनं एक गोष्टीचं पुस्तक काढलं, चौथीतल्या पोरांचं, आणि हळूच म्हणाल्या, यातली एक ओळ, जमली तर, नाही जमली तरी चालेल. मैत्रीनं पुस्तक धरलं. तिच्या वरच्या ओठावर घाम आला. एक अक्षर, मंग दुसरं, मंग पहिलं परत. आबा पुढं सरकले, म्हणाले वाच की बाळा, आणि पोरीनं पुस्तक मांडीवर पालथं घातलं आणि म्हणाली, आबा मला वाचता येत न्हाई, मी तुमचं ऐकून पाठ करते.

आदल्या दिवशी पान सांगितलं की ती आबांच्या मागं लागायची, आवाज कसा लावायचा दाखवा, अजून एकदा दाखवा. आबांना वाटायचं काय पोरीला गोडी हाय. ती कानानं उचलायची, अख्खं पान. मला तवा राग बी आला आणि रडू बी आलं.

बाईंनी मैत्रीला जवळ घेतलं आणि आमाला समजावलं. याला डिस्लेक्सिया म्हणतात, बुद्धी कमी नसते, डोळे खराब नसतात, आळस तर मुळीच नाही, फक्त अक्षर आणि आवाज यांची जोडी डोक्यात पटकन लागत नाही, तिला दुसऱ्या वाटेनं आणि सावकाश शिकवावं लागतं. आणि म्हणाल्या, आबा, पान वाचायला आपल्याला काय लागतं, पण अख्खं पान ऐकून पाठ करायला किती कष्ट लागतात ते बघा, ही मुलगी वर्गातल्या सगळ्यांपेक्षा जास्त राबते. आमच्या पोरीला राबते म्हणणारं ते पहिलं माणूस.

मंग बाईंनी तिला हाताशी धरलं. सरकारी दवाखान्यात तपासणी झाली, चकरा झाल्या, मला सुट्टी मिळाली न्हाई तवा बाई स्वतःची रजा टाकून गेल्या. दर शनिवारी घरी यायच्या. पुठ्ठ्याला एक फट पाडली व्हती, त्यातनं एकच ओळ दिसायची, बाकीचं पान झाकलेलं, म्हणजे डोळा भरकटायला नको. शब्द तोडायचा, आवाज म्हणायचा, बोटानं परातीतल्या रव्यात काढायचा, परत जोडायचा. आबांना काम दिलं की धडे मोबाईलमध्ये वाचून ठेवा, ती ऐकेल. आबांनी इतिहास असा वाचला की आमचे शेजारी भिंतीपलीकडनं ऐकायचे. जादू झाली न्हाई हां. एक एक शब्द, कधी आलेला बी परत जायचा, पोरगी पुठ्ठा फेकून द्यायची, बाई उचलून परत तिच्या हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, बरं, आज एवढंच.

खरा पेच दहावीला पडला. बाई म्हणाल्या, तिला सवलत आहे, वेळ जास्त मिळेल आणि लेखनिक मिळेल, म्हणजे मैत्री तोंडानं उत्तर सांगणार आणि तिच्यापेक्षा ल्हान वर्गातली पोरगी ते लिहिणार. घरच्यांनी हो म्हणायला पाहिजे. आबा उसळले. एवढे चिडलेले मी त्यांना कधी बघितलं न्हवतं. म्हणाले, बाई, तुम्ही देवमाणूस, पण हे सांगू नका. आमच्या वाडवडलांचं लोकांनी लिहिलं, लोकांनी वाचलं, आमी नुसते अंगठे उठवले. माझ्या हातात लेखणी आली ती कशी आली माझं मला माहीत, आणि आता माझ्या नातीचं दुसरं कुणी लिहिणार? नापास झाली तरी चालेल, स्वतःच्या हातानं होऊ दे. बाईंकडं उत्तराला काय कमी व्हतं, पण त्यांना आबांचं दुखणं कळत व्हतं. मैत्री नुसती माझ्याकडं बघत बसली. तीन वर्षं केलेलं सगळं पाण्यात जायची वेळ आलेली.

आणि तवा मैत्रीचे पप्पा बोलले. आमचे मालक म्हणजे कमी बोलणारं माणूस, चाकणला गोडाऊनमध्ये फोर्कलिफ्ट चालवतात, घरात आले की टीव्ही आणि जेवण. दारात उभे व्हते. म्हणाले, आबा, मला कुणी लेखनिक दिला असता तर मी दहावीला बसलो तरी असतो.

आबा म्हणाले, म्हणजे? तर ते म्हणाले, मैत्रीला जे हाय तेच मला हाय. त्या रविवारी बाई बोलल्या तवाच कळलं मला. मी आठवीत शाळा सोडली ती उनाडपणानं न्हाई सोडली. तुमी पट्ट्यानं मारायचे वाच म्हणून, आणि मला अक्षरं धरूनच ठेवता यायची न्हाईत. ताई, मी इतकी वर्षं त्या माणसाचा संसार केला, मला ठाऊक न्हाई. दर वर्षावासात ते सेकंड शिफ्ट मागून घ्यायचे, दुपारी जायचे ते रात्रीच यायचे, तीनही महिने, मला वाटायचं यांना विहाराचा कंटाळा. ते वाचायची पाळी चुकवायचे. लाईट बिल आलं, कंपनीचा कागद आला, की म्हणायचे तूच बघ, तुला जास्त कळतं, आणि मी फुशारून जायचे.

आबा उठले आणि मोरीकडं तोंड धुवायला गेले. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. बाहेर आले ते टॉवेल खांद्यावर, आणि बाईंना एवढंच म्हणाले, लिहिणारी पोरगी चांगल्या अक्षराची बघा.

नववीतली एक पोरगी मिळाली. पेपरांच्या आधी बाईंनी दोघींना समोरासमोर बसवून सवय केली, कसं सांगायचं, कुठं थांबायचं. मैत्री पास झाली. फर्स्ट क्लास आला ताई. निकालानंतर वर्षावास लागला, पहिल्याच दिवशी आबा वाचून झाल्यावर उठले न्हाईत. ग्रंथ बाजूला ठेवला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, माझी नात पास झाली, लिहिलं दुसऱ्या पोरीनं, उत्तरं हिची, आणि हे मी लपवणार न्हाई. मैत्रीचे पप्पा मागं बसले व्हते, त्या साली त्यांनी फर्स्ट शिफ्ट घेतली व्हती. आबा त्यांच्याकडं बघून म्हणाले, माझ्या पोराला बी हेच व्हतं. तो आळशी न्हवता. मी मारलं त्याला. हे म्हणाले, असू द्या आबा. मोठ्यानं न्हाई म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

आता मैत्री ताथवड्याच्या बाजूला कॉलेजला जाते, अकरावीला. अजून मोठं पुस्तक आलं की दमते, पण सांगते तोंडावर, मला वेळ लागेल म्हणून. बाई अजून शनिवारी येतात, आता गल्लीतली दुसरी पोरं बी असतात, आणि त्या पोरांच्या मागं भिंतीला टेकून आमचे मालक बसतात. बाई त्यांना भाऊ म्हणतात आणि पोरांसारखंच वागवतात, चुकलं की परत म्हणा. आबा सगळ्यांना चहा करून देतात. एवढीशी बाई, पगार शाळेचा, आणि सुट्टी आमच्यासाठी. तिला सुख लाभो, माझं आयुष्य लागो.

मला मोबाईलवर लिहून पाठवायची सवय, कंपनीत बोलता येत न्हाई म्हणून ब्रेकमध्ये लिहिते, येताना हे आणा ते आणा. आणि मालक नेहमी फोन करायचे, म्हणायचे गाडीवर हाय, तोंडानं सांग. परवा मी लिहिलं, मेथी आणा आणि आबांच्या गोळ्या. फोन आला न्हाई. म्हटलं विसरले असतील. घरी आले तर ओट्यावर मेथीची जुडी आणि गोळ्यांची पट्टी. मी म्हणाले, अहो, फोन न्हाई केला आज? तर बूट काढता काढता म्हणाले, कशाला, वाचलं की.