सातव्या मुक्कामाचं पोस्टर

हॅलो?… हां, बोल चिंगे, पण पटकन… मोकळी कुठली गं! लॅपटॉप मिक्सरच्या खोक्यावर चढवून बसलेय. खोकं डुगडुगतंय, खाली उशी घातली तर नुसती हनुवटीच दिसतेय… सहाला! सहाला लाइव्ह आहे. शेवटचा मुक्काम… अगं, किती वेळा सांगू तुला, ऑनलाइन दौरा! आज एका बाईंच्या ब्लॉगवर, उद्या कुणाच्या पेजवर, परवा एखाद्या वाचक गटात. पुस्तक फिरतं, लेखिका घरात. मला कुठला प्रकाशक? मीच छापायचं, मीच आपली टिमकी वाजवायची… हसू नकोस. हो, हो… अगं ऐक ना, आधी माझं ऐक.

लोक किती चांगले असतात गं! मला वाटलं होतं, नवी लेखिका, कुत्रं विचारणार नाही. तर पहिल्याच ब्लॉगवाल्या बाईंचा मेसेज, 'धीर सोडू नका, आम्ही सगळे तुमच्या पाठीशी आहोत.' पहिल्या पुस्तकाला!… दुसऱ्याने लिहिलं, 'अशा परिस्थितीतही तुम्ही लिहीत राहिलात, कमाल आहे तुमची.' मी म्हटलं, आहेच मुळी. दिवसभर दातांच्या दवाखान्यात पेशंटना नंबर वाटायचे आणि घरी येऊन कादंबरी लिहायची म्हणजे काय खाऊ आहे? आणि फुलं! आज ज्यांच्याकडे लाइव्ह आहे ना, त्या वाचक गटाने घरी फुलं पाठवली. पांढरीशुभ्र, हा एवढा गुच्छ. मी लगेच फोटो टाकला, 'भारावून गेले, असंच प्रेम राहू द्या'…

काय?… कुठलं पोस्टर?… आजचं? आलं का ते! मी कुठलं बघतेय, आत्ता दवाखान्यातून आले आणि आधी केस धुतले. कसं झालंय?… ह्यांचा फोटो आहे ना त्यात? हेल्मेटवाला? गटाच्या ताईंनीच मागितला, 'त्यांचा एखादा हसरा फोटो असेल तर द्या' म्हणून. मला वाटलं बघ, नवऱ्याचीही कदर करतात… अशी का बोलतेस? रडतेयस का हसतेयस?… काळी काय?… चौकट?… कोणाच्या फोटोला काळी चौकट?

'त्यांच्या स्मृतीस'… कोणाच्या?

चिंगे, डोक्यावर पडलीस का? ह्यांना काय धाड भरलीय? परवाच बोलले माझ्याशी! त्यांच्या पुलाच्या कामावर रेंज नसते, टेकडी चढावी लागते, तर टेकडी चढून मला विचारतात, माझे मोजे बॅगेत कुठे घातलेस!… तुझ्या ऑफिसातली? ती काय म्हणाली?… 'भावोजींचं कळलं, फार वाईट वाटलं'?… आणि तू?… 'मलाही आत्ताच कळतंय' म्हणालीस? अगं, कपाळ माझं!

थांब. थांब थांब. मीच लिहिलंय? कुठे?… लेखिकेचा परिचय? तो तर मी चार वेळा खोडून… वाच. मोठ्याने वाच.

'दोन वर्षांपूर्वी हे गेले'… हो, मग? गेलेच ना! पुलाच्या कामावर गेले. पुढे वाच… 'घर एकदम रिकामं झालं. जेवणाचं टेबल मोठं वाटायला लागलं. त्या रिकामपणात मी लिहायला'…

अगं बाई.

अगं बाई गं… 'हे गेले'… अगं, 'पुलाच्या कामावर' होतं तिथे! परिचय शंभर शब्दांत मागितला होता. दोन शब्द जास्त होत होते, म्हणून मी ते… मीच काढले. दोन शब्दांसाठी नवऱ्याला मारलं मी! सात ठिकाणी!

आणि तू? तुला तर मी आधी पाठवला होता परिचय. तुला खटकलं नाही काही?… काय वाटलं?… 'सोडून गेले'?… 'कामाचं निमित्त सांगून'? सख्खी बहीण ना गं तू माझी! म्हणून इतके दिवस ह्यांचा विषयच काढत नव्हतीस होय! आणि मी आपली म्हणतेय, ही भावोजींची चौकशी का करत नाही…

हसू नकोस, चिंगे. मला नाही येत हसू… नाही, ते नाही गं… म्हणजे ते सगळं, 'डोळ्यांत पाणी आलं' वगैरे, ते पुस्तकाला नव्हतंच? रोज सकाळी ते वाचून मग दवाखान्यात जात होते मी. वाटायचं, लिहितो बुवा आपण बरं… बघ ना जरा, कोणी एकाने तरी माझ्या कादंबरीतल्या कुलूपवालीबद्दल लिहिलंय का? ती बंद खोली उघडायला जाते, त्याबद्दल?… नाही ना. 'तुमचं दुःख', 'तुमचं धैर्य'. पुस्तक कोणी उघडलंच नाही गं, सगळे सांत्वनाला आले होते… तू वाचलंस? खरं सांग… 'चाळलं'. हं.

गप्प राहू?… अजिबात नाही! सुरुवातीला दोन मिनिटं शांतता आहे? आणि मी काय करू, जिवंत नवऱ्यासाठी मान खाली घालून बसू?… सांगून टाकते. हसतील तर हसू देत… माहितीये, पुढच्या पुस्तकाला दारात उभं करणार नाही कोणी. संपली लेखिका… रडत नाहीये. शाम्पू गेलाय डोळ्यात.

थांब, बेल वाजली. आणखी फुलं असतील, मेली… आले, आले!

अहो!

अगं चिंगे… अगं, हे आलेत! दारात उभे आहेत, बॅग घेऊन, हेल्मेटसकट!… अहो, तुम्ही कसे?… चिंगी आहे फोनवर, किंचाळतेय… क्रेनवाल्याने पोस्टर दाखवलं म्हणतात, 'साहेब, हे तुम्हीच ना?' म्हणून. सासूबाईंच्या कानावर जायच्या आत जिवंत दिसलेलं बरं, म्हणून मिळेल त्या बसने निघाले… काय माहीत गं, चेहरा नेहमीचाच आहे… अहो, रागावलात का?

काय?

चिंगे, गप्प बस जरा, ऐकू दे मला… वाचलं म्हणतात. बसमध्ये. माझं पुस्तक, अजून कोणाचं! फोनवर घेतलं, 'मी कसा मेलो ते तरी बघावं' म्हणून… आणि वाचतच बसले. सबंध प्रवासभर. कुलूपवाली खोलीच्या दारापर्यंत आली आणि ह्यांचा फोन बंद पडला… आत कोण असतं ते सांगू नकोस म्हणतात!… नाही हो, नाही सांगत. शपथ… अगं, ह्या माणसाने लग्नाची पत्रिकासुद्धा पूर्ण वाचली नव्हती!

छापलेली प्रत कुठाय विचारतायत… टेबलावर बघा, फुलांच्या मागे! फुलं कुणाची?… तुमचीच… बूटही काढले नाहीत गं. बसले तिथेच.

हो, सहा वाजत आलेत, दिसतंय मला. अहो, ऐकता का, जरा कॅमेऱ्यासमोर यायचंय, जिवंत आहात एवढंच दाखवायचंय लोकांना… 'एवढं प्रकरण वाचून होऊ दे' म्हणतात.

अगं, थांबू देत लोक. शांतता पाळणारच होते ना, मग पाळू देत की.

चिंगे, ठेव आता… काही नाही… पान उलटलं त्यांनी… ठेव गं, मला बघायचंय.