एकशे साठ ग्रॅमचा दहा नंबर

मंडळी, ऐका! आधी एक प्रश्न. माणसाच्या पाठीवर जास्तीत जास्त किती वजन ठेवावं, की त्याला पळताही यावं? — कोण म्हणालं पन्नास किलो? आजोबा, तुम्ही गुळाच्या ढेपा वाहिल्यात, तुमचं वेगळं! मी सांगते, एकशे साठ ग्रॅमनं वाकलेल्या माणसाची गोष्ट. एकशे साठ! पाव किलोला नव्वद कमी!

कोल्हापुरात एक बुरुजाची तालीम. बाहेरगावचे कुणी असतील, त्यांच्यासाठी सांगते — आत लाल माती, दारात मारुती, आणि नाव मात्र फुटबॉलमध्ये! तर या तालमीच्या संघाची दहा नंबरची जर्सी कुठं असते? खेळाडूच्या घरी? छे! मारुतीच्या गाभाऱ्यात! देवाला शेंदूर, जर्सीला अत्तर. का? तर चाळीस वर्षांपूर्वी दौलूआप्पांनी दहा नंबर घालून फायनलला तीन गोल मारले. गोल मारले आप्पांनी, हार मात्र कापडाला!

आणि रीत अशी — ज्याला दहा नंबर मिळेल, त्यानं फायनल हरली तर गल्लीसमोर तो शर्ट उतरवून मारुतीच्या पायरीवर ठेवायचा, आणि तालमीच्या संघातून कायमचं बाहेर! पाच जणांनी ठेवला. त्यातला एक अजून त्या गल्लीतून जात नाही; दूध आणायलासुद्धा दोन चौक फिरून जातो.

यंदा पाळी आली नंदू चौगुलेची. वय चोवीस, फाउंड्रीत लेथवर काम. केसाएवढी चूक हाताला कळायची, आणि तसाच पाय! चाळीस पावलांवरच्या गड्याच्या बुटावर चेंडू नेऊन ठेवायचा. नंबर तेवीस घालून तीन वर्षं सुखात खेळला. पण अध्यक्ष बजरंगराव म्हणाले, "नंदू, दहा तुझा! नारळ फोड!" आईनं ओवाळलं. लहानपणापासून मागितलेलं मिळालं, आणि — तबलजी, हसू नका! — त्या दिवसापासून नंदूचा पाय बिघडला.

कारण पास द्यायला पाय उचलला, की प्रेक्षकांतून आरोळी: "ए दहा नंबर! मार की! पोस्टमन हाईस व्हय रं, दुसऱ्याची पत्रं वाटाय?"

मग नंदू मारायचा. एक चेंडू दांड्यावरून. एक झाडात. एक थेट भज्याच्या गाड्यावर! संघ फायनलला पोचला, तो बाकी दहाजणांच्या जिवावर. बजरंगरावांनी बोट रोखलं: "रविवारी गोल दहा नंबरचाच पाहिजे. न्हाईतर पायरी हाय आणि तू हाईस."

शनिवारी नंदू गेला दूधकट्ट्यावर. दौलूआप्पा म्हशीची धार काढत होते.

"आप्पा, तुम्हांला दहा नंबर कसा मिळाला?"

"उशिरा गेलो म्हणून."

"म्हणजे?"

"लेका, त्या दिवशी म्हस पान्हा सोडंना. मी जाईस्तवर नऊ शर्ट संपलेले. उरले दोन. अकरावा आखूड व्हता."

ऐकलंत? ज्याच्यापुढे उदबत्ती लावतात, तो नंबर ठरवला म्हशीनं!

नंदू म्हणाला, "मग हे लोकांना सांगितलं का नाही?"

"सांगितलं की! दहादा सांगितलं. लोक म्हणाले, वा आप्पा, किती हा साधेपणा! आणि आणखी एक हार घातला." आप्पांनी बादली बाजूला केली. "आणि तिनातलं दोन गोल पाच नंबरच्या हिंदूरावच्या पासवर. त्याचं नाव तरी ऐकलंस का कधी?"

नंदूनं ऐकलं नव्हतं. मंडळी, तुम्ही तरी ऐकलं होतं का? आणि हिशेब बघा! दहा नंबरच्यांनी पाच पेनल्ट्या चुकवल्या, त्या गल्लीला तोंडपाठ. नऊ नंबरच्यांनी किती चुकवल्या? कुणी मोजल्याच नाहीत! जे मोजलंच नाही, ते शून्य धरायचं, आणि वर त्याला परंपरा म्हणायचं!

रविवारी सकाळी नंदूनं गाभाऱ्यातून शर्ट घेतला, वाटेत फाउंड्रीच्या काट्यावर ठेवला. एकशे साठ ग्रॅम. काट्याला अत्तर कळलं नाही.

फायनल. शून्य-शून्य. शेवटचं मिनिट! चेंडू नंदूच्या पायात, पुढं गोलपोस्ट, मध्ये दोन गडी. सगळं मैदान ओरडतंय — "दहा नंबर, मार!" बजरंगराव खुर्चीवर उभे — "मार रं माझ्या राजा!" आणि डावीकडं कोण? बचावातला चार नंबर, मन्सूर मुजावर! कॉर्नरला पुढं आलेला, परत जायला विसरलेला, एकटाच मोकळा! नंदूला पायरी दिसली. मग मन्सूरचा बूट दिसला.

नंदूनं पास दिला!

मैदानानं कपाळावर हात मारला. मन्सूर इतका घाबरला, की चेंडू नडगीला लागला — आणि गोल! गोल, मंडळी!

गुलाल उधळला. बजरंगरावांनी नंदूला मिठी मारली, आणि कानात काय म्हणाले? "जिंकलो ते ठीक हाय. पण गोल दहा नंबरचा असता, तर फोटो चांगला आला असता!"

झालं? नाही! पुढच्या शनिवारी मन्सूर धावत नंदूच्या दारात. "नंदूदा, वाचीव! माझा चार नंबर गाभाऱ्यात ठेवलाय! म्हणत्यात, आता गोल तूच मारायचास! अरे, माझं काम अडवायचं हाय! नडगी होती ती, नंदूदा, नडगी!"

हसताय? हसा. पण मंडळी, बाळाला आजोबांचं नाव कुणी ठेवलं? आणि वर, आजोबा मामलेदार होते, हे त्याला पाळण्यात कुणी ऐकवलं? दवाखान्याच्या पाटीवर बापाचं नाव तसंच ठेवून, ज्या मुलीला रक्त बघून चक्कर येते तिला खुर्चीत कुणी बसवलं? बजरंगराव काय एकाच तालमीत असतात?

हिंदूराव पासापुरते लागतात, आणि देव्हाऱ्यात कापड! त्या पवनपुत्रानं आख्खा डोंगर उचलला, पण दुसऱ्याच्या पाठीवर ठेवायला नव्हे. म्हणून उद्या त्याच्यापुढं हात जोडायच्या आधी, घरी जाऊन एक काम करा. पोराच्या पाठीवर जे ठेवलंय, ते उतरवून एकदा काट्यावर ठेवून बघा. आणि मग त्याला विचारा — बाबा, तुझा नंबर कोणता?

बोला, बजरंगबली की जय! — बजरंगरावांचा नव्हे हो!