क्लचवरची दोन बोटे

नाव : अनान शिगेनोरी. वय : ५४ वर्षे. धंदा : कपडे धुलाईचे दुकान. राहणार : कावाबे गाव, ओइता प्रांत.

मी समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी एकटाच राहतो. अपघातात जखमी झालेली माकिनो सातोए, वय ४८, ही माझी सख्खी धाकटी बहीण. तिचे पती हयात नाहीत. ती आमच्याच गावात राहते व बालवाडीच्या स्वयंपाकघरात काम करते. मोटरसायकल ती तरुणपणापासून चालवते. मी गेल्या वर्षी परवाना काढला.

ऑगस्टमध्ये मी नवी मोटरसायकल घेतली. तिला क्विकशिफ्टर आहे, म्हणजे वेगात असताना क्लच न दाबता नुसत्या पायाने गिअर बदलतो. पहिल्या आठवड्यातच तिसऱ्यावरून चौथ्यावर जाताना गिअर मध्येच राहू लागला. अशा वेळी मीटरवरचा गिअरचा आकडा जातो. इंजिन ओरडते, पण चाकाला जोर मिळत नाही. मग गिअर आपोआप बसतो आणि गाडी पुढे उसळते. थंड गाडीला असे होत नाही. चढावर इंजिन तापले की होते, तेही दर वेळी नाही.

सप्टेंबरात बोगद्यात असे झाले. मागे लाकडाने भरलेला ट्रक होता. गाडी ओढेना. आरशात फक्त त्याचे दिवे दिसत होते. त्याने भोंगा वाजवला नाही. बोगद्याबाहेर आल्यावर मी गाडी कडेला घेतली. हेल्मेट काढले नाही. तिथे किती वेळ बसलो ते सांगता येत नाही.

मी गाडी विक्रेत्याकडे नेली. तिथले कारागीर इगुची यांनी ती संगणकाला जोडली. दोष निघाला नाही. गाडी स्टँडवर चढवून त्यांनी सहाही गिअर बदलून दाखवले. मी क्लचवर बोटे ठेवतो का, असे त्यांनी विचारले. मी हो म्हणालो.

"तेच तर. हात काढा तिथून, यंत्राला त्याचं काम करू द्या," असे ते म्हणाले. "आणि पाय जरा दाबून मारा, अनान-सान. पेडलवर मांजर झोपलंय असा हळूच काय लावता?"

दुकानातली माणसे हसली. मीही हसलो.

त्यानंतरही मी दोन बोटे क्लचवर ठेवूनच चालवत आलो. गिअर मध्ये राहिला की क्लच दाबायचा, म्हणजे तो अचानक बसला तरी चाकाला हिसका लागत नाही, एवढे माझे मला कळले होते. पुढे मी गाडी काढायचेच टाळू लागलो. तिच्यावर चादर टाकली. दुकानातून घरात जायची वाट तिच्या शेजारून जाते. मी मागच्या दाराने ये-जा करू लागलो. सातोएच्या हे लक्षात आले.

आज, दिनांक १२ ऑक्टोबर, रविवारी सकाळी ती तिची जुनी मोटरसायकल घेऊन आली आणि तिने चादर ओढून काढली. मी आज नको म्हणालो. गाडी कपडे वाळत घालायला आणली आहेस का, असे तिने विचारले. आम्ही कुजूच्या पठाराकडे निघालो. चढावर दोनदा गिअर मध्ये राहिला. वरच्या थांब्यावर आम्ही मक्याचे सूप प्यालो, तेव्हा मी तिला तसे सांगितले. ती म्हणाली, मी चालवून बघते. आम्ही गाड्या बदलल्या. दोन बोटे क्लचवर ठेव, असे मी तिला सांगितले.

"दादा, बोटंच ठेवायची तर क्विकशिफ्टर कशाला घेतलास?" असे म्हणून तिने डावा पंजा उघडून माझ्यासमोर हलवला. हे तिचे आजचे शेवटचे बोलणे. 'आजचे' हा शब्द माझ्या सांगण्यावरून घातला आहे.

विचारल्यावरून सांगतो की, समोरून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला, ओळख नसली तरी, डावा हात करायची आमच्यात पद्धत आहे. सातोए कोणालाही हात केल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. मी नुसती मान हलवतो, म्हणून ती मला देवळात आलास का म्हणते.

उतार सुरू होण्याआधी एक डावे वळण आहे. दोन्ही बाजूंना उंच गवत आहे. समोरून पाच-सहा गाड्यांची रांग आली. पहिल्याने हात केला. सातोएनेही केला आणि तेवढ्यातच गिअर वाढवला. मी तिच्या मागेच होतो. इंजिन ओरडले. तो आवाज मला माहीत आहे. मी हेल्मेटमध्ये क्लच, क्लच म्हणत होतो. माझ्या हाताखालचा क्लच मी दाबून धरला होता. मग तिचा गिअर बसला. गाडी उसळली आणि मधली पट्टी ओलांडून गेली. हात तेव्हाही वर होता. रांगेतले शेवटचे गृहस्थ तिला चुकवताना पडले. त्यांच्या खांद्याचे हाड मोडल्याचे इथे समजले. सातोए पलीकडच्या कठड्यावर आदळली. मी हाका मारल्या. ओ मिळाली नाही. ती अद्याप शुद्धीवर नाही.

उपनिरीक्षक तोमिमात्सु यांनी सांगितले की, गाडी ठाण्याच्या आवारात आणली असून स्टँडवर सहाही गिअर नीट बदलतात. गाडीत दोष न आढळल्यास निष्काळजीपणाचा गुन्हा सातोएवर लागेल. हात मुठीवर असता तर गाडी सावरली असती काय, असे मला विचारण्यात आले. सावरली असती. मात्र हात काढा असे सांगणारे दुकान होते, आणि गिअर मध्ये राहिला नसता तर सावरण्याची वेळच आली नसती. तेही लिहावे.

स्टँडवर काही कळणार नाही, गाडी चढावर तापवावी लागते, असे मी सांगितले. त्यावर, उद्या खात्याचा एक चालक ती त्याच रस्त्याने चालवून पाहील, असे उपनिरीक्षक म्हणाले. मी विचारले, दोष निघाला तर त्या माणसाचे काय.

"तो सराईत आहे, अनान-सान."

"सातोएही सराईत आहे."

त्यांनी लिहिणे थांबवले. चालकाला काय सांगू, असे विचारले. मी सांगितले की, त्याला सांगू नका, गाडी मी चालवतो. मला तिची भीती वाटते, म्हणून माझी बोटे क्लचवरून निघणार नाहीत. त्याला मागून येऊन बघू द्या. संबंधित व्यक्तीस गाडी देता येत नाही, ही विनंती जबाबात नसली तरी चालेल, असे ते म्हणाले. ती राहू द्यावी, असे मी सांगितले.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच उतरला आहे. नावाचा शिक्का सोबत नसल्याने डाव्या तर्जनीचा ठसा देत आहे. पहिला ठसा हात हलल्याने फिसकटला. दुसऱ्या वेळी उपनिरीक्षकांनी मनगट धरले. तो खाली आहे.